डांगरवाडी : निरंक

फाल्गुन लागला की परभणीच्या बाजारात खरबुजाच्या हातगाड्या लागतात. हल्लीची खरबुजं सगळी एका साच्यातली, जाळीच्या पिशवीत घातलेली, वर गोल कागद चिकटवलेली. त्यांचं मला काही होत नाही. पण परवा एक म्हातारा नुसत्या पोत्यावर डांगरं, म्हणजे आमची गावठी खरबुजं, मांडून बसला होता. पिवळीधमक, पाठीवर हिरव्या फाका, दोन-चार उललेली, एकाचं तोंड दुसऱ्याला मिळत नाही अशी. मी रस्त्याच्या या बाजूला होतो. वास आधी आला, म्हातारा नंतर दिसला.

बायको म्हणाली, "घेऊ या का एक? तुम्ही गंगेकाठचे. पिकलेलं कुठलं ते तुम्हाला बरोबर कळेल."

"मला काही कळत नाही," मी म्हणालो आणि चालायला लागलो. घरी आल्यावर गुडघ्याचं कारण सांगितलं. या वयात गुडघ्याचं कारण कुणी तपासून बघत नाही.

वास मात्र घरापर्यंत आला. त्याला घेऊनच हे लिहायला बसलोय.

आमच्याकडं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. सोनपेठ आणि गंगाखेड यांच्या मधे तिच्या काठावर आमचं गाव. गावची जमीन काळी, कसदार, आणि ती ज्यांची होती त्यांचीच होती. आमच्या वस्तीतल्या बौद्धांना आणि पलीकडच्या भोयांना, मिळून चौदा घरांना, त्यातलं ढेकूळसुद्धा नव्हतं. आमच्या वाट्याला गंगेची वाळू. तीही पाणी आत सरकल्यावर, दिवाळीपासून वैशाखापर्यंत. पुढं आषाढात गंगा यायची आणि सगळं पुसून, धुऊन, नवं करून ठेवायची. त्या वाळूला सात-बारा नव्हता, बांध नव्हता, विटाळ नव्हता. तिथं आम्ही डांगरं लावायचो, काकड्या लावायचो, कडेला चार भोपळे. डांगरवाडी म्हणायचे तिला.

ज्या दिवशी मधलं बेट पुरतं उघडं पडे त्या दिवशी चौदाही घरं खाली उतरत. नाव वल्हवणारा लिंबाजी भोई, सगळ्यांचा लिंबाजीमामा, बाभळीची काठी घेऊन पुढं. त्या काठीनं वाळू मोजायची, काठापासून पाण्यापर्यंत पट्टे पाडायचे. मग टोपलीत प्रत्येक घराची एकेक खूण पडायची. कुणाचा बांगडीचा तुकडा, कुणाच्या जाळ्याचं शिसं, कुणाची फुटकी चिलीम. मामा डोळे मिटून हात घालायचा. ज्याची खूण आधी निघाली त्यानं वरच्या अंगाचा पट्टा घ्यायचा, पुढचा त्याच्या खाली. भांडण नाही, कागद नाही. आमच्या घराची खूण होती माझ्या शाळेच्या सदऱ्याचं बटण. ते टाकायची माझी गया आत्या.

गया आत्या बापाची धाकटी बहीण. नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली. माझी आई लवकर गेली, बाप मी सातवीत असताना गेला, मग घर म्हणजे आत्या आणि मी. डांगराचं बी ती राखेत घालून मडक्यात ठेवायची. पेरायच्या आधी भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, दोन दिवस पोटाशी, लुगड्याच्या आत. त्या दोन दिवसांत ती जोरात बोलायचीसुद्धा नाही. "हळू बोल की रं," म्हणायची, "बी दचकतं." तिसऱ्या दिवशी फडकं उघडलं की प्रत्येक बीला पांढरं नाक फुटलेलं असायचं. मग वाळूत ओल लागेपर्यंत हातभर आळं उकरायचं, तळाला शेळ्यांच्या लेंड्या, वर बी, वाऱ्याला तुराट्यांचा आडोसा. सकाळी वाळू इतकी गार की पाय उचलून धरावेत, दुपारी तीच तव्यासारखी. आणि फाल्गुनात तो वास. गंगेच्या या काठावरून त्या काठापर्यंत.

पिकलेलं डांगर तोडावं लागत नाही. ते आपण होऊन देठ सोडतं. हे मला आत्यानं शिकवलं, मामानं शिकवलं, पण हुंगून ओळखायला मला कधी जमलं नाही. बी.ए.चा निकाल लागला त्या वर्षी मामानं सगळ्यांसमोर माझ्या हातात दोन डांगरं दिली. "सांग बरं सायेब, यातलं कच्चं कोंचं?" मी दोन्ही हुंगली आणि चुकीचं सांगितलं. बायका वाळूत बसून हसल्या. मामा म्हणाला, "साळा-कालिजात सोळा वर्षं काय करीत हुता मंग? हे न्हाई शिकवलं?"

"शिकंल तो," आत्या म्हणाली. "त्याचं नाक पुस्तकात हुतं इतके दिस."

वस्तीतला मी पहिला पदवीधर. हे मी आजही छाती काढून सांगतो, त्यात मला लाज नाही. कंदिलाखाली वाचलं, अनवाणी गेलो, पास झालो. पुढच्याच उन्हाळ्यात रेल्वेच्या एका कामावर कच्च्या कारकुनाची जागा निघाली. अर्ज इंग्रजीत होता. कुटुंबाचा व्यवसाय, असा एक रकाना होता. मी थोडा वेळ पेन धरून बसलो आणि लिहिलं : शेती. खोटं नव्हतं. बारा काठ्यांचा पट्टा होता आमचा, गंगेत का असेना. ती शेती होती म्हणून मी कॉलेजात होतो.

हा रकाना लक्षात ठेवा.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. देशातली रेल्वे मोठी करायची म्हणून बाहेरच्या देशांकडून मोठं कर्ज आलं होतं. मोठा रूळ, नवे पूल, लाकडाऐवजी सिमेंटचे स्लीपर. आमच्या जिल्ह्यातून तेव्हा छोट्या रुळाची गाडी जायची आणि पुढं पुष्कळ वर्षं तीच जात राहिली. मोठा रूळ आमच्याकडं येणार नव्हताच. आमच्याकडून न्यायची होती वाळू. गंगेची वाळू नावाजलेली, करकरीत, मातीचा अंश नाही. ट्रकनं गंगाखेडच्या स्टेशनावर न्यायची, तिथून छोट्या डब्यांत भरून जिकडं मोठं काम होतं तिकडं.

माझ्या वरचे नायडूसाहेब सिकंदराबादकडचे. भला माणूस. दुपारी स्वतःच्या डब्यातला चिंचेचा भात माझ्यापुढं सरकवायचे, जातीबद्दल शब्दानं कधी विचारलं नाही. त्यांना वाईट ठरवलं असतं तर मला बरंच सोपं गेलं असतं.

कर्ज देणाऱ्यांची एक अट होती. जिथून जिथून माल उचलायचा त्या प्रत्येक जागेचा तक्ता भरून द्यायचा. तिथं कोण राहतं, कोण कसतं, काय पीक असतं, कुणाचं नुकसान होईल. आमच्या गावच्या पात्राचा तक्ता भरायची पाळी आली ती भाद्रपदात.

जीप काठावर थांबली. गंगा दुथडी भरून चाललेली. लाल पाणी, मधून एखादं उपटलेलं झाड गिरक्या घेत जायचं. बेट नाही, वाळू नाही, काही नाही. नायडूसाहेबांनी छत्री मानेत धरून सिगारेट पेटवली आणि त्यांच्या दखनीत विचारलं, "उत्तम, इदर कुछ काश्त-वाश्त होती क्या? तू तो इदरीच का है ना?"

मी म्हणालो, "नो सर. ओन्ली वॉटर."

"पक्का?"

"यस सर."

त्यांनी मला दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं. हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळ वर्षं असं सांगत आलो, की तपासणीच भर पुरात झाली, त्याला मी काय करणार. तपासणी करणाऱ्याला ठाऊक नव्हतं की दोन महिन्यांनी इथं वाळू उघडी पडते. मला ठाऊक होतं. मी त्या पाण्याखालच्या पट्ट्यांची माणसं क्रमानं सांगू शकलो असतो.

का सांगितलं नाही? एक तर "होय" म्हटलं की पुरवण्या जोडाव्या लागत होत्या, नावं, सह्या, तलाठ्याचा दाखला. आणि परदेशी साहेब आठ दिवसांनी यायचे होते. मला कायम करायचा कागद नायडूसाहेबांच्या टेबलावर होता. पण एवढंच असतं तर मी ते कबूल करून मोकळा झालो असतो. खरं कारण याच्याही खालचं आहे. साहेबांनी विचारलं असतं, कोण करतं काश्त, कोण कसतं? आणि मला म्हणावं लागलं असतं, माझी आत्या. वाळूत. डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात डांगरं विकते ती. माझ्या अर्जातल्या त्या "शेती"चा मग अर्थ कळला असता. मी इस्त्रीच्या पँटमध्ये होतो, आणि पँट नवी होती.

संध्याकाळी तक्ता भरला. अकरा रकाने. कसणाऱ्यांची नावं : निरंक. पीक : निरंक. नुकसान : निरंक. इंग्रजी शब्द वेगळा होता, पण आमच्या कचेरीत आम्ही त्याला निरंक म्हणायचो आणि तो लिहिला की रकाना कसा स्वच्छ दिसायचा. ज्या हातानं एका अर्जात शेती लिहिली होती त्याच हातानं, त्याच वाळूपुढं.

परदेशी साहेब आले. उंच, गोरेपान, मानेला ओला रुमाल. काठावर उभे राहून त्यांनी पुराचा फोटो काढला, "ब्युटिफुल रिव्हर" म्हणाले. विश्रामगृहात चहा पिताना तक्ता चाळला आणि हे अक्षर कुणाचं म्हणून विचारलं. नायडूसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी इतका खूश झालो की त्या दिवशी घरी जायला एस.टी.त जागा मिळाली नाही तरी उभ्यानं हसत गेलो.

दारात आत्या. "आलास का बाबा? सुट्टी दिली का पळून आलास?" पाणी दिलं, पाय धुऊ दिले, मग म्हणाली, "वाळूचं काय तरी लिवायलेत म्हनं रेलवेवाले. आमची नावं घातलीस न्हवं?"

"घातली," मी म्हणालो.

लिंबाजीमामा ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "नाव घातलं तर कागद पायजे, गयाबाई. बिगर कागदाचं नाव म्हंजी पान्यावरची रेघ. माझं ऐका, समदे मिळून गंगाखेडला तहसीलीत जाऊ. मेव्हन्याची गाडी हाय."

"घरचा मानूस हाफिसात बसलेला असताना मी परक्याच्या दारात जाऊ व्हय?" आत्या म्हणाली. "कागदच पायजे न्हवं? आनंल तो."

पुढच्या रविवारी मी कागद नेला. तक्त्याच्या वहीतलं पान फाडून त्यावर चौदा घरांची नावं लिहिली होती, मराठीत, माझ्या सुंदर अक्षरात. पहिलं नाव गयाबाईचं, पुढं पट्टा, काठ्या, पीक. वही, पान, शाई सगळं कचेरीचं. आणि खाली कचेरीचा गोल शिक्का मारला होता, टपाल आल्यावर मारतात तो. जांभळा, जरा तिरका. त्या शिक्क्याला काही अर्थ नव्हता आणि तो असा मारला हे कळलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. मला वाटलं, म्हातारी शांत होईल. पात्र केवढं मोठं, साहेब काय नेमकी हीच वाळू उचलणार आहेत?

आत्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला. उलटा धरला होता, मामानं सुलटा केला. तिनं बोटानं विचारलं, "माझं कोंचं?" मी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग कागद बुद्धाच्या तसबिरीमागं ठेवला आणि वस्तीभर सांगून आली. तहसीलीला कुणी गेलं नाही. गाडी मेव्हण्याकडं तशीच राहिली.

दिवाळी झाली, बेट उघडं पडलं, टोपलीत खुणा पडल्या. त्या वर्षी माझं बटण पहिलं निघालं. आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला वरच्या अंगाचा पट्टा मिळाला, जिथं ओल शेवटपर्यंत टिकते. मामा म्हणाला, "गयाबाई, औंदा तुझं डांगर पार हैद्राबादला जायाचं." आत्यानं दुप्पट आळी केली. नोकरीमुळं मी नव्हतो, ती तिनं एकटीनं केली. मला आठवतं, पौषात गेलो तेव्हा वेल एकमेकांना भेटले होते आणि पिवळ्या फुलांत मधमाश्या इतक्या की वाळू गुणगुणते आहे असं वाटावं. मी ते बघितलं आणि काही बोललो नाही. तेव्हासुद्धा बोलता आलं असतं. नायडूसाहेबांना एवढंच सांगायचं होतं, दोन महिने थांबा किंवा खालच्या अंगाला उचला. त्यांनी ऐकलंही असतं. पण ते सांगायचं म्हणजे आधी निरंक पुसायचा.

माघाच्या शेवटी ट्रक आले. डांगरं मुठीएवढी झाली होती.

मी साहेबांच्या जीपमध्येच होतो, वही घेऊन. ठेकेदाराच्या मुनशीनं हात करून बायकांना बाजूला व्हायला सांगितलं. आत्या पट्ट्यात उभी राहिली. घाबरलेली नव्हती. तिनं मुनशीकडं पाहिलं, कमरेची पिशवी सोडली आणि कागद काढला. तो तिनं बरोबर आणला होता. सुलटा धरला होता.

"हे बगा," ती म्हणाली. "आमचं नाव हाय. सरकारी शिक्का हाय."

मुनशीनं वाचलं, खांदे उडवले आणि कागद नायडूसाहेबांकडं आणला. साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता. त्यांनी तो उजेडात धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि शांतपणे विचारलं, "अम्मा, ये कागद किसने दिया तुमको?"

मी दहा हातांवर उभा होतो. हातात वही, वहीत तसलंच पान. लिंबाजीमामानं माझ्याकडं पाहिलं. वस्तीतल्या बायकांनी पाहिलं. सगळ्यात शेवटी आत्यानं पाहिलं. ते पाहणं मी सांगू शकणार नाही. तिला काय काय कळलं आणि किती वेळात, तेही नाही. एवढंच सांगतो, की एखादं डांगर हातात घेऊन, हुंगून, खाली ठेवावं, तेवढाच वेळ लागला.

"ठावं न्हाई, सायेब," ती म्हणाली. "सोनपेठच्या बाजारात एकानं लिवून दिलं."

"कौन था?"

"वळखीचा न्हवता."

मामानं तोंड उघडलं होतं. आत्यानं त्याच्या दंडाला धरलं. त्यानं ते मिटलं.

साहेबांना वाईट वाटलं. "ठग लिया किसीने बिचारी को," ते माझ्याजवळ येऊन म्हणाले आणि कागद माझ्याच हातात दिला. मी त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला. बायका पट्ट्यांत शिरल्या आणि कच्ची डांगरं ओरबाडायला लागल्या. देठ सोडत नव्हते. वेल मुळासकट यायचे.

त्या दिवशी वस्तीत सगळ्या चुलींवर एकच भाजी होती, कच्च्या डांगराची. पुढं पंधरा दिवस तीच. मी घरी गेलो. जायला नको होतं, पण न जाणं आणखी भ्याडपणाचं दिसलं असतं. मला त्या वेळीही दिसण्याचीच काळजी होती. आत्यानं ताट वाढलं. मी घास घेतला. भाजी तुरट, कडसर, दातांखाली पाण्यासारखी फुटणारी.

"मीठ बग रं बरूबर हाय का," ती म्हणाली.

"बरोबर आहे."

तेवढंच बोलणं झालं. त्या विषयावर तेवढंच, जन्मभरात.

पावसाळ्यात गंगा आली, पण वाळू परत आली नाही. जिथून उचलली तिथं डोह पडले, डोहांत गाळ बसला, वरच्या अंगाला खडक उघडा पडला. काठावरच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. दोन वर्षं मामा काठी घेऊन उतरला आणि तशीच घेऊन वर आला. मग त्यानं ती नावेला आधार म्हणून लावली. चौदांपैकी नऊ घरं ऊसतोडीला जायला लागली. मी कायम झालो. आत्याला परभणीला घेऊन आलो, क्वार्टर मिळालं होतं. बारा वर्षं ती माझ्याजवळ होती. मी तिच्या तोंडून एक शिवी ऐकायला बारा वर्षं थांबलो. जाताना तिनं माझ्या हातून पाणी घेतलं आणि विचारलं, जेवलास का.

मधे एकदा कचेरीत त्या मोठ्या योजनेचा छापील अहवाल पाहायला मिळाला. जाड, गुळगुळीत कागद. काम किती लांबीचं, पोलाद किती, सिमेंट किती, व्याज किती, सगळं होतं. वाळूचं एक ओळीचं टिपण होतं, की ती जागेवरच मिळते. मी पानं पुढं-मागं केली. मग कळलं की मी आमच्या पात्राचा तक्ता शोधतोय, निदान निरंक तरी छापला असेल म्हणून. तोही नव्हता. आता मोठा रूळ आमच्याकडंही आलाय. पुलावरून गाडी जाते तेव्हा डब्यातली माणसं नदीत नाणं टाकून हात जोडतात. मीही खिडकीत असतो. हात जोडायला होत नाही.

तो कागद अजून आहे. ट्रंकेत, पदवीच्या कागदाखाली. दोन्हींवर शिक्के आहेत. काल काढून पाहिला. जांभळी शाई उतरलीय, अक्षर मात्र अजून सुंदर आहे. बायकोला मी इतकंच सांगितलेलं आहे, की आमची गंगेकाठी थोडी शेती होती, ती रेल्वेच्या कामात गेली. आत्या तेव्हा काय करायची, असं कुणी विचारलं तर सांगतो, ती रेल्वेच्याच कामावर होती. हे खरं आहे. आणि हेच सांगायचं राहिलं होतं.

ट्रक आले त्याच्या पुढच्या आठवड्यात वाळू भरायला माणसं कमी पडली. ठेकेदारानं वस्तीतल्याच बायका लावल्या. ज्या पट्ट्यात ज्यांची आळी होती तिथूनच त्या टोपल्या भरायला लागल्या. हजेरी घ्यायचं काम माझ्याकडं होतं. पहिल्या दिवशी सकाळी मी वही उघडून काठावर उभा राहिलो. वाळू गार होती. बायका ओळीत उभ्या होत्या, पायाशी टोपल्या. यादी माझ्याच अक्षरात होती. आत्याचं नाव शेवटी रेल्वेच्या कागदावर आलं होतं.

"गयाबाई," मी वाचलं.

तिनं टोपली खाली ठेवली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, परक्या माणसासमोर ओढतात तसा.

"हाय, सायेब," ती म्हणाली.